विरजणाची हाक

हेल्येसेट, व्हॉस
ता. ९ नोव्हेंबर १९८६

प्रिय सुन्निवा,

आईचा आशीर्वाद. ‘इकडे आम्ही बरे आहोत’ असं लिहिलं आणि खोडलं. हाताला सवयच तशी पडलेली. इकडे मी बरी आहे.

मेंढ्या गोठ्यात घेतल्या. माथ्यावर बर्फ उतरलंय, पण खाली नुसता चिखल. बटाटे तळघरात गेले. मोन्सने मदत केली, म्हणजे मी पोती उचलत होते आणि तो शेवटच्या पोत्यावर बसून सूचना देत होता. शेजारी असावा तर असा! चर्चमधल्या बायका येऊन जातात. येताना केक आणतात आणि अर्धा स्वतःच खाऊन जातात. त्यांच्यासमोर रडलं की त्यांना बरं वाटतं, म्हणून एकदोनदा रडले. खरं रडू यायचं तेव्हा गोठ्यात येतं, आणि तिथे त्याचं कुणाला काही नसतं.

बाबाचे बूट अजून दाराशी आहेत. रोज केर काढताना उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते.

मातीच्या दिवशी तू जेवायला थांबली नाहीस. कबरीपाशी उभी होतीस, पण हात कोटाच्या खिशातून काढले नाहीस. लोक सांत्वनाला हात पुढे करत होते आणि तू नुसती मान हलवत होतीस. नंतर सगळे विचारू लागले, सुन्निवा कुठे गेली. मी सांगितलं, गाडीची वेळ झाली होती. स्टावांगर काय जवळ आहे? लोकांना पटलं.

जेवणावळीत मोन्सने त्याच्या घरची बियर आणली होती. मला मान वर करवेना. आपल्याकडे माणूस गेला की त्याच्याच घरच्या विरजणाने आंबवलेली बियर पिऊन त्याचं नाव घ्यायचं. तुझ्या आजोबांच्या वेळी तीन पिंपं रिकामी झाली होती. आणि तुझ्या बाबाच्या, आन्फिनसारख्या माणसाच्या मातीला शेजाऱ्याची बियर! मोन्सला ते कळलं असावं. पेला भरता भरता माझ्या कानाशी म्हणाला, “लाजतेस कशाला, गूरो? माझं विरजण मेलं होतं त्या साली आन्फिननेच बरणीतून दिलं होतं. ही तुमचीच आहे, फक्त माझ्या पिंपात वाढली.” मी एक घोट घेतला. चांगली झाली होती.

तुला आठवतं का, लहानपणी तू विरजण घालायच्या वेळी अंगणापलीकडच्या चूलघराच्या मागे लपून बसायचीस, दोन्ही कानांवर हात ठेवून? हंड्यात उकळलेला जवाचा काढा दुधाइतका कोमट झाला की बाबा विरजण ओतायचा आणि छाती भरून ओरडायचा. जितकी मोठी हाक तितकी बियर कडक. मुकाट्याने विरजण घातलं तर पिणारेही मुकेच बसतात, असं तो म्हणायचा. मग मी स्वयंपाकघरातून “ऐकलं!” म्हणून ओरडायचे आणि ओढ्यापलीकडून मोन्स आपली आरोळी ठोकायचा. ते झालं की तू कानांवरचे हात काढून विचारायचीस, “संपलं?” गेल्या वर्षी तर गंमतच झाली. बाबाने हाक मारली, आम्ही दोघांनी उत्तर दिलं, आणि मग हा पठ्ठ्या डोकं खाजवत दारात आला, विरजण मागायला! घालायचं विसरूनच ओरडला होता. मोन्सने हिवाळाभर त्याचा पिच्छा सोडला नाही. “आन्फिन, आज काय घातलंस, विरजण की नुसताच आवाज?”

असो.

फोनवर तू विचारलंस, हंडा तिवईवरूनच पडला ना, माझ्याच तिवईवरून. मी काही बोलले नाही, तेव्हा बोलण्यासारखी नव्हते. आता त्याचा विचार करू नकोस. गोदीत शिकलेलं कसब तू बापासाठी वापरलंस. ती तीन पायांची लोखंडी तिवई स्वतःच्या हातांनी वेल्ड केलीस, खाली गॅसची शेगडी बसवलीस, आणि एवढं धूड आगगाडीतून घेऊन आलीस, कारण चूलघरातली हंडा टांगायची ती जुनी साखळी तुला बघवत नव्हती. चांगल्या मनानेच केलंस. उकळता काढा अंगावर पडणं त्याच्या नशिबात होतं. बर्गेनच्या डॉक्टरांनी जेवढं करता येईल तेवढं केलं. त्यात तुझा काय दोष? मुळीच मनाला लावून घेऊ नकोस.

मोन्सने तुझा पत्ता मागितला होता. सापडत नाही म्हणून सांगितलं. त्याचं अक्षर वाचायचा ताप तुला कशाला?

नाताळला ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे. बियर करणार का, असं लोक विचारतात. हंड्याला मोठा पोचा पडलाय, पण गळत नाही. विरजणाची बरणी तळघरात आहे. मी अजून झाकण उघडून पाहिलेलं नाही.

तुझी
आई


ता. २३ नोव्हेंबर

प्रिय सुन्निवा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. “तिवई नदीत टाक. वेल्डिंग मी सोडलं. नाताळला येणार नाही. कारण विचारू नकोस.” खाली सहीसुद्धा नाही. पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, आणखी काही आहे का म्हणून.

गोदीत फोन केला होता, हे आधीच सांगून टाकते. रागावायचं तर रागाव. तिथल्या बाईने सांगितलं की सुन्निवा आता कँटीनमध्ये बशा धुते. म्हणाली, “फोरमनने खूप समजावलं हो, पण तिचे हात थरथरतात. ज्योत पेटवली की मागे सरते.” मी आभार मानले आणि फोन ठेवला. नंतर तिथेच बाकावर बसून राहिले. चुलीवर भात होता, तो लागला.

अगं, तीस बायांमधून त्यांनी तुला निवडलं होतं. पहिला पगार झाला तेव्हा तू आम्हाला तुझ्या जोडकामाचा तुकडा पाठवला होतास, पत्रासोबत लोखंडाचा तुकडा! पोस्टमन चक्रावला. बाबाने तो खिडकीत मांडून ठेवला आणि येईल त्याला दाखवत राहिला, “बघ, शिवण कुठे आहे शोधून दाखव.” कुणालाच सापडायची नाही. आजही तिथेच आहे. आणि तू बशा धुतेस.

थोडे दिवस विश्रांती म्हणून असेल तर हरकत नाही. पण सोडलं म्हणू नकोस. हातांचं काय, बसून राहिले की हात विसरतात, पुन्हा

इथे उठावं लागलं. एका मेंढीचा पाय फळीत अडकला होता. सोडवून आले, हात धुतले. काय लिहीत होते ते आता लागत नाही. एक गोष्ट तुला सांगायची होती.

मोन्स काल आला होता. कॉफी ओतली, ती त्याच्यासमोर निवून गेली. इतका बडबड्या माणूस, पण सध्या एकच बोलतो. “मी त्याला उत्तर दिलं, गूरो. तो तिकडे भाजून पडलाय आणि मी चांगली छाती फुगवून उत्तर दिलं. वर पोरांना म्हटलं, माझ्या साठीची बियर जोरदार होणार!” मी म्हटलं, “कुणालाही तसंच वाटलं असतं, मोन्स. तुला काय माहीत?” हे मी त्याला इतक्यांदा सांगितलंय की आता त्याच्यासमोर साखर ठेवावी तसं ठेवते. तो मान हलवतो आणि उठून जातो.

त्या दिवशी मोन्सच्या साठीसाठीच बियर चालली होती, हे तुला माहीत असेलच. नसेल तर आता झालं.

तिवई मी नदीत टाकणार नाही. का ते पुढच्या पत्रात लिहीन. आज डोळे दुखताहेत.

लोकरीचे मोजे पाठवते आहे. कँटीनच्या फरशीवर उभं राहून पाय गार पडत असतील.

तुझी
आई


ता. ३० नोव्हेंबर

सुन्निवा,

हे पत्र मी तीन वेळा सुरू केलं आणि तिन्ही वेळा मेंढ्यांबद्दलच लिहीत राहिले. म्हणून आज कशी आहेस हेही विचारत नाही. आधी हे वाच.

हंडा तुझ्या तिवईवरून पडला नाही. त्या दिवशी तो तिवईवर नव्हताच. तो साखळीला टांगलेला होता, त्याच जुन्या साखळीला. आकड्याजवळची कडी तुटली. तुझी तिवई गोठ्यात पोत्याखाली होती, उन्हाळ्यात तू गेल्यापासून तिथेच होती. तू इथे असताना बाबाने एकदाच तिच्यावर बियर केली. तू गाडीत बसलीस आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ती उचलून गोठ्यात नेली. मी म्हटलं, “पोरीने एवढ्या मेहनतीने केलीय, आणि तू?” तर म्हणाला, “गॅस फुसफुसतो, गूरो. मला काढ्याची उकळी ऐकू येत नाही. मी उकळी कानांनी ओळखतो, पण हे पोरीला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल.”

मी सांगितलं नाही. उलट तुला प्रत्येक पत्रात लिहीत राहिले, बाबा तुझ्या तिवईवरच बियर करतो, सगळ्यांना दाखवतो. तुला बरं वाटावं म्हणून. मग तू फोनवर विचारलंस, माझ्या तिवईवरून ना, ते साहजिकच होतं. मी तोंडातून ‘नाही’ काढायला हवं होतं. एवढासा शब्द. काढला नाही.

का नाही काढला, ते सांगते. तू तिवईबद्दल विचारत होतीस तोवर दुसरं काही विचारत नव्हतीस. कबरीपाशी तुझे हात खिशात पाहिले आणि तू स्वतःच्या हातांना दोष देतेस हे मला कळलं, तरी मी गप्प राहिले. मोन्सला तुझा पत्ता दिला नाही, कारण साखळी तुटल्याचं त्याला ठाऊक आहे. बाबाला चूलघरातून उचलून त्यानेच बाहेर आणलं होतं. त्याने तुला पहिल्याच ओळीत लिहिलं असतं. तिवईचा प्रश्न मिटला असता आणि तू पुढचं विचारलं असतंस, मग बाबा किती वेळ तसा पडून होता? आणि मग मला उत्तर द्यावं लागलं असतं.

मोन्सला मी म्हणते ना, कुणालाही तसंच वाटलं असतं. मोन्सच्या बाबतीत ते खरं आहे. तो ओढ्यापलीकडे होता, त्याने फक्त आवाज ऐकला. पण बरणी त्याच्याजवळ नव्हती, ती माझ्याजवळ होती.

त्या दिवशी सकाळी बाबाने विरजण तळघरातून आणून मला दिलं होतं, नेहमीसारखं. पहिल्या काढ्याचा एक पेला त्यात घालून मी बरणी चुलीजवळ ठेवली. फेस वर आला होता, विरजण छान जागं झालं होतं. मी मोन्सच्या जेवणासाठी लेफ्सेच्या पातळ पोळ्या भाजत होते. तवा तापलेला, पीठ लाटून पसरलेलं, हात पिठाने भरलेले. चूलघराच्या धुराड्यातून अजून दाट धूर निघत होता, म्हणजे काढा अजून उकळत होता. विरजण घालायची वेळ व्हायला पुष्कळ अवकाश होता.

आणि हाक आली.

मोठी होती. त्याची एवढी मोठी हाक मी कधी ऐकली नव्हती. मी खिडकीकडे तोंड करून ओरडले, “ऐकलं!” पलीकडून मोन्सची आरोळी आली. सगळं नेहमीसारखं झालं.

तू म्हणशील, बरणी तुझ्या पाठीशी असेल, दिसली नसेल. मीही स्वतःला बरेच दिवस तसंच सांगत होते. पण मी वळून पाहिलं होतं, सुन्निवा. बरणी माझ्यासमोर होती, झाकण लावलेली, फेस झाकणाला टेकलेला. मी पाहिली आणि मला हसू आलं. म्हटलं, म्हातारा यंदाही विसरला! यंदा तर काढा उकळत असतानाच ओरडला! आता येईल डोकं खाजवत. आला की काय बोलायचं तेही मी ठरवलं. “काय आन्फिन, साठी मोन्सची आणि बुद्धी तुझी नाठी?” असं म्हणणार होते. एकटीच हसत होते. दाराकडे एक डोळा ठेवून मी लेफ्से उलटत राहिले. तो येईना, तेव्हा वाटलं, लाजला असेल, येववत नसेल. वाटलं, थोडं ताटकळू दे. पीठ संपेपर्यंत मी तव्यापासून हलले नाही. एकही लेफ्से करपू दिली नाही.

मग हात धुतले, बरणी घेतली आणि त्याला चिडवायला निघाले.

तो ओढ्याकडच्या दारापर्यंत सरपटत गेला होता. दार अर्धं उघडलं होतं, त्यापुढे त्याला जमलं नव्हतं. पाण्याचा आवाज तिथून ऐकू येतो. हंडा आडवा पडला होता आणि सगळ्या फरशीवर काढा. गोड वास येत होता. तो वास मला अजून येतो, साध्या चहातसुद्धा.

तुला वाटेल माझ्या हातातून बरणी पडली असेल. पडली नाही. मी ती खिडकीच्या कठड्यावर नीट ठेवली, कडेला नाही, आत सरकवून. मग ओरडले. ते बरणी ठेवणं मला सगळ्यात जास्त खातं, आणि का ते मला कळत नाही.

डॉक्टर चांगले होते. मी त्यांना विचारलं, लगेच पाण्यात घातलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, भाजलेलं खूप होतं. पण आधी ते क्षणभर थांबले. मी ते थांबणं पाहिलं.

इस्पितळात तू यायच्या आदल्या दिवशी बाबा शुद्धीवर होता. छातीपर्यंत पट्ट्या होत्या. मला वाटलं पाणी मागतोय, म्हणून वाकले.

“गूरो, तुला ऐकू गेलं होतं ना?”

मी हो म्हटलं.

“मला तुझं ‘ऐकलं’ ऐकू आलं,” तो म्हणाला. “म्हणून मग मी पुन्हा ओरडलो नाही. म्हटलं, निघालीच असेल.”

मी त्याची उशी सारखी केली. तो माझ्याकडे बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, “लेफ्से करपल्या का?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग ठीक आहे,” म्हणाला आणि डोळे मिटले. रागाने म्हणाला की गमतीने, मी इतक्या वर्षांची त्याची बायको, पण मला सांगता येत नाही. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. बोलण्यासारखा राहिला नव्हता. बरणी मला दिसली होती, हे मी त्याला सांगितलं नाही. तेवढी हिंमत झाली नाही. तुला सांगते आहे.

एवढंच होतं. तुझ्या जोडकामाने कुणी मेलं नाही. माझं ‘ऐकलं’ ऐकून तो गप्प पडून राहिला आणि मी तव्यासमोर हसत उभी होते. आणि नंतर ते ओझं मी तुझ्या डोक्यावर राहू दिलं, कारण ते माझ्या डोक्यावर यायला नको होतं. आई आहे म्हणून मला माफ कर, असं मी लिहिणार नाही. ते तुझं तू पाहा. फक्त बशा धुणं सोड. हात थरथरले तर थरथरू देत, पण ज्योत पेटव.

काल मी तुझी तिवई गोठ्यातून ओढत आणली. पोत्याखाली गंजसुद्धा चढलेला नाही. तिन्ही पाय चूलघराच्या फरशीवर ठेवले, वर पोचा पडलेला हंडा ठेवला आणि ओढ्याच्या पाण्याने काठोकाठ भरला. मग दोन्ही हातांनी धरून हलवला. हलला नाही. पुन्हा हलवला, होता नव्हता तो जोर लावून, जसं काही मला तो पडायलाच हवा होता. थेंब सांडला नाही. मग मी त्याच फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले, आणि या वेळी मेंढ्यांच्याही समोर नाही.

मोन्सला बोलावून सगळं सांगितलं. म्हटलं, “तू उत्तर दिलंस ते विसर. बरणी माझ्यासमोर होती.” त्याने टोपी घातली आणि निघून गेला. मला वाटलं, हा आता या घराची पायरी चढणार नाही. आज सकाळी दार उघडलं तर पायरीवर गॅसची भरलेली टाकी ठेवलेली होती. चूलघराकडे पाहिलं, तर तुटक्या साखळीचं उरलेलं टोकही तुळईवरून काढून नेलेलं. मोन्स स्वतः मात्र आला नाही.

बरणीचं झाकण काल उघडलं. वर थोडं काळं झालंय, ते काढून टाकलं. खालचं जिवंत आहे. काढ्याचा चमचा घातला तर तासाभरात फुगलं.

आन्फिनच्या नावाची बियर अजून झालेली नाही. नाताळपर्यंत वेळ आहे. जव मोड आणून वाळवून ठेवलेत, काढ्यात घालायच्या जुनिपरच्या फांद्या मी तोडून आणीन. तू येणार असशील तर तुझ्या तिवईवर करू. गॅस फुसफुसला तर फुसफुसू दे, उकळी आपण डोळ्यांनी पाहू. येणार नसशील तर मी एकटी करीन, पण मला हाक मारता येत नाही. करून पाहिली. घशातून निघत नाही.

आलीस तर काढा कोमट झाल्यावर बरणी मी तुझ्या हातात देईन. विरजण घाल आणि ओरड, हवं ते ओरड. त्याच्या नावाने ओरड, माझ्या नावाने ओरड. मी घरातून ‘ऐकलं’ म्हणणार नाही. चुलीवर काहीही असू दे, मी उठून बघायला येईन.

ऐकूनही न उठलेली,
तुझी आई